कोणत्या दिवशीची गाडी?

चंदेरी बॉनेटवर लाल रंगात ७२२ हा आकडा असलेली एक उघडी गाडी डायकास्टच्या बऱ्याच जाणत्या संग्रहांत दिसते. मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर. हा आकडा म्हणजे घड्याळातली वेळ आहे. इटलीतल्या मिले मिलिया शर्यतीत गाड्या एकेक करून सोडत आणि सुटण्याची वेळ हाच गाडीचा क्रमांक असे. १ मे १९५५ रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी स्टर्लिंग मॉस आणि त्याला रस्ता सांगणारा डेनिस जेंकिन्सन ब्रेशाहून निघाले. रोमपर्यंत जाऊन सुमारे १६०० किलोमीटरची फेरी त्यांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत पुरी केली आणि शर्यत जिंकली. त्यांच्याच संघाचा हुआन मॅन्युएल फांजिओ २४ मिनिटं आधी, ६५८ क्रमांकाने, एकटाच निघाला होता; तो दुसरा आला. गाडीचा प्रकार एकच, पण शेल्फवर ६५८ आणि ७२२ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुन्या रेसिंग गाड्यांच्या बारीक कामाच्या प्रतिकृती जमवायच्या असतील, तर दुकानदाराला आणि स्वतःला आधी हे विचारा: ही कोणत्या दिवशीची गाडी? रस्त्यावरची गाडी कारखान्यातून निघते तशीच बरीच वर्षं राहते. शर्यतीची गाडी दर पंधरवड्याला बदलते. नवी नळी येते, आरसा हलतो, बॉनेटला हवेसाठी आणखी एक फट पडते, कधी अख्खं कवचच बदलतं.

१९५४ची मर्सिडीज डब्ल्यू १९६ घ्या. फ्रान्समधल्या रँसला ४ जुलैला ती पहिल्यांदा उतरली, तेव्हा चारही चाकं झाकणारं सलग कवच तिच्या अंगावर होतं. लांबलचक सरळ पट्ट्यांच्या त्या रस्त्यावर फांजिओ पहिला आणि कार्ल क्लिंग दुसरा आला. दोन आठवड्यांनी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला वळणं घेताना गाडीची टोकं नेमकी कुठे आहेत हे फांजिओला कळेना. कडेला खुणेसाठी मांडलेल्या पिंपांना धडका देत, पत्रा चेपवून तो चौथा आला. १ ऑगस्टला जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंगवर त्याच्यासाठी उघड्या चाकांची डब्ल्यू १९६ तयार होती. महिन्याभरात एकाच नावाच्या गाडीची दोन रूपं झाली. खोक्यावर नुसतं ‘डब्ल्यू १९६, १९५४’ लिहिलं असेल, तर तेवढ्यावर पैसे देऊ नका. शर्यत आणि चालक कोण, ते विचारा.

लान्चिया डी ५० हे याहून बोलकं उदाहरण. या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, अंगापासून सुट्या अशा पेट्रोलच्या दोन टाक्या लटकलेल्या असत. २२ मे १९५५ला मोनाकोत आल्बेर्तो आस्कारी २६ क्रमांकाची डी ५० घेऊन थेट बंदराच्या पाण्यात गेला आणि पोहत बाहेर आला. चारच दिवसांनी मॉन्झाला एक फेरारी चालवून पाहताना त्याचा मृत्यू झाला. आधीच पैशाच्या ओढाताणीत असलेल्या लान्चियाने त्या उन्हाळ्यात सगळ्या गाड्या फेरारीच्या हवाली केल्या. फेरारीने पेट्रोल शेपटीकडे हलवलं, बाजूच्या टाक्या अंगाशी जोडून टाकल्या आणि १९५६ साली फांजिओ याच गाड्यांवर विश्वविजेता झाला. टाकी आणि अंग यांच्यामधून आरपार दिसतं की नाही, एवढं पाहिलं तरी प्रतिकृती लान्चियाची की फेरारीची हे कळतं. अशी एक खूण स्वतःला सापडली की हा छंद अंगात भिनतो, आणि मग पाकिटाची काळजी करायला सुरुवात करावी लागते.

म्हणून खरेदीआधी एक धागा धरा. चालक धरा, शर्यत धरा किंवा एखादं वर्ष. मला सगळ्यात आवडणारा धागा फांजिओचा आहे, कारण तो परवडतो आणि पुराही होतो. त्याची पाच विश्वविजेतेपदं चार गाड्यांत मावतात. १९५१ची आल्फा रोमिओ १५९, १९५४ची मासेराती २५०एफ आणि डब्ल्यू १९६ (त्या साली तो मधेच मासेराती सोडून मर्सिडीजकडे गेला), १९५५ला पुन्हा डब्ल्यू १९६, १९५६ची डी ५० आणि १९५७ला परत २५०एफ. चार गाड्यांची ही ओळ चाळीस सुट्या गाड्यांपेक्षा जास्त बोलते. दुसरा चांगला धागा ल मान्स या फ्रान्समधल्या शर्यतीतल्या फोर्डच्या विजयांचा. १९६६ला ब्रूस मॅक्लारेन आणि ख्रिस एमन यांची काळी २ क्रमांकाची गाडी, १९६७ला गर्नी आणि फॉइट यांची लाल १ क्रमांकाची, १९६८ला ९ आणि १९६९ला ६. शेवटच्या दोन विजयांत गाडी एकच होती, १०७५ क्रमांकाच्या चासीची जीटी४०. आकडे बदलले, गाडी तीच राहिली. या दोन प्रतिकृती शेजारी ठेवून फरक शोधण्यात एक रविवार सहज जातो.

रंगावर मात्र भाळू नका. पोर्शे ९१७ म्हटलं की लोकांना गल्फ कंपनीची फिकट निळी-नारिंगी गाडी आठवते आणि दुकानदारही तीच पुढे करतात. स्टीव्ह मॅकक्वीनच्या १९७१च्या ‘ल मान्स’ या चित्रपटाने तिला अजरामर केलं. प्रत्यक्षात त्या रंगातली ९१७ ल मान्स कधीच जिंकली नाही. १९७०ला जिंकली ती झाल्त्सबुर्ग संघाची लाल-पांढरी २३ क्रमांकाची गाडी, हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवुड यांची. १९७१ला जिंकली मार्टिनीच्या पट्ट्यांची पांढरी २२. गल्फचे रंग आवडतात म्हणून खुशाल घ्या, मीही घेईन. पण ‘ल मान्स विजेती’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. आणि थोडा विनोद चालत असेल, तर त्याच १९७१च्या शर्यतीतली गुलाबी ९१७/२० शोधा. तिच्या अंगावर खाटीक डुकराचे भाग पाडतो तशा तुटक रेषा आखून प्रत्येक भागाचं नाव लिहिलं होतं. शर्यत पुरी न केलेली ही गाडी विजेत्यांइतकीच हौसेने जमवली जाते.

रंगाबाबत आणखी एक. १९६८पूर्वीच्या ग्रां प्री गाड्या बहुतेक देशाच्या रंगात धावत: इटली लाल, फ्रान्स निळा, ब्रिटन हिरवा, बेल्जियम पिवळा, जर्मनी आधी पांढरा आणि मग चंदेरी. १९३४ साली वजनाची मर्यादा गाठण्यासाठी मर्सिडीजचा पांढरा रंग रातोरात खरवडला आणि खालचा चंदेरी पत्रा उघडा पडला, ही गोष्ट तुम्हाला खोक्यावरच्या माहितीत हमखास वाचायला मिळेल. इतिहासकार ती जशीच्या तशी मानत नाहीत, तुम्हीही मानू नका. १९६८पासून जाहिरातींचे रंग आले आणि त्यांबरोबर सिगारेटच्या कंपन्या. आज बनणाऱ्या अनेक प्रतिकृतींवरून तंबाखूची नावं गाळलेली असतात. लोटस ४९ किंवा सत्तरच्या दशकातली कोणतीही फॉर्म्युला वन गाडी घेताना जुना फोटो शेजारी धरून मोकळी जागा कुठे राहिली आहे ते पाहा. पाण्यात भिजवून चिकटवायचे सुटे स्टिकर मिळतात. पण ते लावणं हे स्थिर हाताचं काम आहे, आणि फसलं तर विकताना भाव पडतो.

आता आकाराकडे. शर्यतीची गाडी साधारण चार मीटरची धरली, तर १:४३ मध्ये ती सव्वानऊ सेंटिमीटर होते, १:१८ मध्ये बावीस आणि १:१२ मध्ये तेहतीस. १:४३ हे प्रमाण खेळण्यातल्या आगगाड्यांच्या मापातून आलं. जागा कमी असेल आणि शंभर गाड्यांचा इतिहास मांडायचा असेल, तर तेच निवडा. बॉनेट उघडून आत आठ सिलिंडरांच्या नळ्या पाहायच्या असतील, तर १:१८ला पर्याय नाही. दोन्ही मापं एका शेल्फवर मिसळू नका. छोटी गाडी उगाच केविलवाणी दिसते.

डायकास्ट म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात भरून केलेलं ओतकाम. हा धातू मुख्यतः जस्त, त्यात चारेक टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, तांबं. त्याला झामाक म्हणतात. दुसरीकडे रेझिनच्या प्रतिकृती असतात, रबरी साच्यात ओतलेल्या आणि सहसा कुठेच न उघडणाऱ्या. रेझिनमध्ये रेषा जास्त टोकदार येतात आणि कमी संख्येत बनवणं परवडतं, म्हणून स्पार्कसारख्या कंपन्या १:४३ मध्ये अगदी अनोळखी गाड्याही काढतात. माझं मत सरळ आहे: १:४३ला रेझिन, १:१८ला धातू. रेझिन उन्हाळ्यात वाकू शकतं, आणि नागपूर-जळगावचा मे महिना त्याने पाहिलेला नसतो.

बारीक कामात नाव घ्यायचं तर स्टुटगार्टजवळच्या फेलबाखची सीएमसी. १९९५ साली सुरू झालेल्या या कंपनीने १:१८ मध्ये वर सांगितलेल्या बऱ्याच गाड्या केल्या आहेत: ३०० एसएलआर, डब्ल्यू १९६ची दोन्ही रूपं, डी ५० लान्चिया म्हणून आणि फेरारी म्हणूनही, २५०एफ; शिवाय बुगाटी टाइप ३५. त्यांच्या फेरारी २५० जीटीओला अठराशेहून जास्त सुटे भाग आहेत, असं कंपनी सांगते. कॅलिफोर्नियाच्या एक्झोटोने जीटी४० आणि लोटस ४९ यांवर असंच नाव कमावलं. त्यांच्या गाड्या आता मुख्यतः दुसऱ्या हाताच्या बाजारात सापडतात. मिनिचॅम्प्स मधल्या पायरीवर आहे. पण यातलं काही घेण्याआधी मी तुम्हाला जुन्या, इटलीत बनलेल्या बुरागोकडे पाठवेन. १:१८ची बुगाटी टाइप ५९, आल्फा रोमिओ ८सी २३०० मॉन्झा, मर्सिडीज एसएसकेएल. काम ढोबळ, चाकांच्या आऱ्या जाड. पण आकार बरोबर आणि किंमत काही हजार रुपयांत. यातली एक गाडी सहा महिने शेल्फवर ठेवा. तिच्यातल्या उणिवा तुम्हाला आपणहून खुपायला लागल्या की महागाच्या गाडीत पैसे नेमके कशाचे देतो, ते समजेल.

ते कशाचे, हे एक गाडी हातात धरून पाहू. २५०एफचं चाक डोळ्याजवळ आणा. स्वस्त प्रतिकृतीत चाकाच्या आऱ्या म्हणजे चकचकीत मुलामा दिलेली प्लॅस्टिकची एकसंध जाळी. चांगल्या प्रतिकृतीत प्रत्येक आरी ही सुटी स्टीलची तार असते, आतल्या आणि बाहेरच्या रांगेतल्या आऱ्या एकमेकींना छेद देत रिमपर्यंत पोचतात आणि रिमवर त्यांची बारीक टोकं बोटाला लागतात. मधल्या पंखवाल्या नटकडे पाहा. डावीकडचा आणि उजवीकडचा नट उलट दिशांना आवळला जातो. त्यावर बाण असतील तर ते दोन्ही बाजूंना वेगळे असायला हवेत. मग बॉनेट उघडा आणि पत्र्याची कड पाहा. खऱ्या गाडीचा पत्रा मिलिमीटरभर जाड. १:१८ मध्ये धातूची एक मिलिमीटरची कड म्हणजे खऱ्या गाडीवर १८ मिलिमीटरची भिंत. चांगला बनवणारा ही कड आतून तासून पातळ करतो. बिजागरीही तपासा; झाकण उघडताना जागेवर फिरतं की वेडंवाकडं बाहेर येऊन लटकतं?

चंदेरी गाड्यांत रंगाचा कस लागतो. धातूसारख्या चमकणाऱ्या रंगात बारीक कण असतात. गाडी अठरा पटींनी लहान झाली तरी हे कण आपोआप लहान होत नाहीत. स्वस्त प्रतिकृतीवर ते साखरेच्या दाण्यांसारखे चमचमतात आणि डोळा लगेच सांगतो की हे खेळणं आहे. चांगल्या डब्ल्यू १९६चा रंग जवळजवळ मंद दिसतो. आत बसायची जागा निळ्या चौकटीच्या कापडाची असते. प्रतिकृतीत ते खरंच कापड आहे की छापलेलं प्लॅस्टिक, ते पाहा, आणि चौकटीही प्रमाणात लहान झाल्या आहेत का तेही. बॉनेट बांधायचे कातडी पट्टे खरे असतील तर त्यांची बक्कल पुन्हा पुन्हा सोडू नका. एवढ्या लहान मापात कातडं दोनचार वेळांतच झिजतं.

एक सापळा इथे सांगायलाच हवा. अनेक कंपन्या संग्रहालयातल्या किंवा आजच्या मालकाकडच्या गाडीची मोजमापं घेऊन प्रतिकृती करतात. ती गाडी मधल्या साठ-सत्तर वर्षांत दुरुस्त झालेली असते, रंगवलेली असते, तिच्यावर नवे टायर चढलेले असतात. अशी प्रतिकृती तंतोतंत असूनही शर्यतीच्या दिवसाशी जुळत नाही. म्हणून खरेदीआधी त्या शर्यतीचे दोनतीन मूळ फोटो शोधून ठेवा: एक समोरून, एक बाजूने, जमल्यास कॉकपिटचा. आरसे किती आणि कुठे, काच केवढी, धूर सोडणारी नळी कुठपर्यंत, क्रमांकाचं गोल पांढरं आहे की नाही. एवढ्यावर नव्वद टक्के चुका पकडता येतात.

जुन्या वस्तूंची ओढ असेल तर जस्ताचा रोगही ओळखायला शिका. ओतकामाच्या जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश राहिला तर वर्षांनुवर्षं धातूच्या कणाकणांमध्ये गंज चढतो. आधी केसाएवढ्या भेगा, मग दारं अडकणं, अंग फुगणं आणि शेवटी बोटाने दाबलं तरी तुकडा निघणं. यावर उपाय नाही. हा रोग शेजारच्या गाडीला लागत नाही, एवढंच समाधान. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी खेळण्यांत तो सर्रास आढळतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पन्नाशीच्या दशकातली डिंकीची रेसिंग गाडी मिळाली, तर खालचा पत्रा आधी पाहा. २३१ मासेराती, २३४ फेरारी, २३७ मर्सिडीज, २३९ व्हॅनवॉल असे हे क्रमांक. डिंकीचे जुने साचे पुढे कलकत्त्याला आले आणि ‘निकी’ या नावाने इथेही गाड्या निघाल्या, त्यामुळे खालचं नाव वाचल्याशिवाय वयाचा अंदाज बांधू नका. रंग ताजा आणि टायर मात्र करडे पडलेले दिसले, तर रंग नव्याने दिलेला आहे असं समजा.

खरेदी बहुतेक परदेशातून होणार, तेव्हा कस्टमचा हिशेब आधी मांडा. हजारभर भागांची मासेराती आणि पोराची प्लॅस्टिकची गाडी आयातीच्या वर्गवारीत एकाच ९५०३ या शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ला ७०. त्यावर जीएसटी आणि कुरिअरवाल्याचं हाताळणी शुल्क वेगळं. दर बदलत राहतात, म्हणून ज्या आठवड्यात मागवाल त्या आठवड्यात पुन्हा तपासा. शिवाय २०२१पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं. विकणाऱ्याला पार्सलवर ‘प्रौढ संग्राहकांसाठीची प्रतिकृती’ असं स्पष्ट आणि खरं लिहायला सांगा. भेटवस्तू म्हणून कमी किंमत लिहून घेण्याचा मोह टाळा. गाडी फुटली तर विमा त्या लिहिलेल्या किमतीचाच मिळेल. जर्मनीत किंवा अमेरिकेत भाचा-पुतण्या असेल तर सगळ्यात बरं. त्याला गाडी हातातल्या बॅगेत आणायला सांगा. एक्स-रेत ती धातूचा भरीव गोळा दिसते आणि बॅग उघडायला लावतात, तेव्हा ती वरच ठेवायची. कस्टमची बॅगेजची सवलत मर्यादित असते, हेही त्याला आधी सांगा.

दुसऱ्या हाताची गाडी घेताना विकणाऱ्याकडून दिवसाच्या उजेडातले फोटो मागा: दोन्ही बाजू, समोर, मागे, खालचा पत्रा आणि खोक्यातलं थर्माकोल. समोरच्या फोटोत चारही चाकं जमिनीला टेकतात का पाहा. एखादं उचललेलं असेल तर आस वाकला आहे. आरसे, वायपर, पेट्रोलच्या टाकीचं झाकण हेच भाग पहिल्यांदा हरवतात. काचेवर धुरकट पांढरा थर असेल तर कुणीतरी फेविक्विकसारखा झटपट गोंद वापरून डागडुजी केली आहे. त्या गोंदाच्या वाफेने काच पांढरी होते आणि पुन्हा नीट होत नाही. तुमच्याकडे आरसा निघाला तर साधा पांढरा फेविकॉल, टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच, आणि रात्रभर हात लावायचा नाही.

‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांचे पैसे देऊ नका. पाच हजार प्रती काढून प्रत्येकीवर क्रमांक घातला तरी ती मर्यादित म्हणवते. आणि हा छंद गुंतवणूक म्हणून करू नका. काही गाड्यांचे भाव वाढतात, बहुतेकांचे नाही, आणि कोणत्या वाढतील हे विकत घेताना कुणालाच कळत नाही. ज्या डब्ल्यू १९६बद्दल आपण बोललो, त्यातली एक खरी, सलग कवचाची गाडी २०२५ साली स्टुटगार्टच्या लिलावात पाच कोटी युरोंच्या वर गेली; तुमच्या शेल्फवरच्या प्रतिकृतीला त्याचा काडीचा फायदा झालेला नाही.

गाडी घरात आली की आपल्या हवेशी गाठ पडते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात घरातली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. काचेच्या बंद शोकेसमध्ये रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या डब्या ठेवा, रंग बदलला की त्या गरम करून सुकवा, आणि एक छोटा आर्द्रतामापक आत लावा. काटा साठच्या खाली राहिला तरी पुष्कळ. डांबरगोळ्या शोकेसमध्ये अजिबात नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. नवं प्लायवूडचं कपाट आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताला बाधतं, म्हणून सुताराचं काम झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत शोकेस उघडी ठेवा आणि मगच गाड्या आत मांडा. खिडकीतलं ऊन लाल रंग खातं. दिवे एलईडीचे लावा. टायर पारदर्शक प्लॅस्टिकच्या तळाला वर्षानुवर्षं टेकले की त्यातलं तेलकट द्रव्य प्लॅस्टिक विरघळवतं. गाडी स्क्रूने तळावर बसवलेली असेल तर टायर किंचित उचललेले राहतील अशी ती आवळा.

धूळ कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने उडवायची आणि राहिलेली मऊ कुंचल्याने, नेहमी एकाच दिशेने. काच पुसायचा स्प्रे, ब्रासो, ओलं फडकं हे सगळं वर्ज्य. सुती हातमोजे घालू नका, त्यांचे धागे आऱ्यांत अडकतात. पातळ रबरी मोजे बरे, किंवा स्वच्छ, कोरडे हात. गाडी उचलताना आरसा, काच, नळी यांना न धरता दोन्ही हातांनी खालून धरा. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत शोकेसला कुलूप घाला आणि किल्ली खिशात ठेवा. घरकाम करणाऱ्या ताईंचा यात काहीच दोष नसतो. कापडाने झटकायला त्यांना आपणच सांगितलेलं असतं.

खोकी टाकू नका. मूळ खोकं, आतले स्पंज, सुट्या हत्यारांची पुडी आणि प्रमाणपत्र नसेल तर विकताना किंमत चांगलीच घसरते. खोकी माळ्यावर टाकली की कसर आणि झुरळं त्यांचा निकाल लावतात; झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत, सिलिका जेलसह ठेवा. स्पंजचा तुकडा गाडीला लावून महिनोन्महिने बंद ठेवला तर दमट हवेत रंगावर फोड येतात, म्हणून खोक्यात ठेवावीच लागली तर मधे मऊ, आम्लरहित कागद घाला. आणि एक वही करा. गाडी, कंपनी, शर्यत, तारीख, चालक, कुठून आणि कितीला घेतली, आत काय काय होतं. घरातल्या निदान एका माणसाला ती वही कुठे आहे ते सांगून ठेवा, नाहीतर उद्या तुमची डी ५० रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने जाईल.

राहिला प्रश्न पहिल्या महागाच्या गाडीचा. दोन पर्याय समोर असतील तर ७२२ सोडा, ती नंतरही मिळेल. ४ ऑगस्ट १९५७ची मासेराती २५०एफ घ्या, न्युर्बर्गरिंगची, क्रमांक १. त्या दिवशी फांजिओ अर्ध्या टाकीने निघाला, मधे पेट्रोल आणि टायरसाठी थांबला, त्यात सगळी आघाडी गमावून तो बराच मागे पडला. मग फेरीमागून फेरी विक्रम मोडत, ९ मिनिटं १७.४ सेकंदांची एक फेरी घेत, त्याने फेरारीच्या कॉलिन्सला आणि हॉथॉर्नला गाठून मागे टाकलं. तो त्याचा चोविसावा आणि शेवटचा ग्रां प्री विजय, आणि त्याच शर्यतीने पाचवं विश्वविजेतेपद पक्कं केलं. तेव्हा घेण्याआधी नाकावरचा क्रमांक तपासा, आऱ्या मोजा, आणि त्या रविवारचा एक फोटो खोक्यात ठेवून द्या.